दोन आवाज, एक तबकडी



आज एका जोडीची गोष्ट सांगणार आहे. ही जोडी नवराबायकोची नव्हे, दोन गळ्यांची आहे. एक गळा जनेट मॅकडॉनल्डचा, दुसरा नेल्सन एडीचा. १९३५ ते १९४२ या काळात हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीनं या दोघांना घेऊन आठ संगीतपट काढले. ‘अमेरिकेची गाणारी प्रेमी जोडी’ अशी त्यांची जाहिरात व्हायची. त्यांचे चित्रपट लागले की थिएटरांबाहेर रांगा लागायच्या आणि त्यांची गाणी घराघरांत गुणगुणली जायची.

पुढे हवा बदलली. ही गाणी फार गोड, फार भाबडी, जुन्या वळणाची, असं शहाणी माणसं म्हणू लागली. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना थोडी जागा मिळाली आणि तीही बऱ्याचदा चेष्टेच्या सुरात. तरी त्यांच्या तबकड्या लोकांनी फेकल्या नाहीत. कपाटात ठेवल्या, पुसून पुन्हा लावल्या, मुलींना ऐकवल्या. एखादी कला टिकते ती कुणामुळे, हा प्रश्न या जोडीकडे बघताना मला पडतो. आजचं बोलणं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि नाटक म्हणजे पदं, हे समीकरण पक्कं झालं. युरोप-अमेरिकेतही अशाच धाटणीचा एक प्रकार होता, ऑपेरेटा. ऑपेरात सगळं काही गाऊनच सांगायचं असतं. ऑपेरेटात मध्ये गद्य संवाद असतात, कथा हलकीफुलकी असते, पण गाणाऱ्याचा गळा मात्र तयारीचा लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर या ऑपेरेटांची चलती होती. व्हिक्टर हर्बर्ट, रुडॉल्फ फ्रिम्ल, सिग्मंड रॉम्बर्ग ही त्या काळच्या गाजलेल्या संगीतकारांची नावं.

मग १९२७ नंतर सिनेमा बोलू लागला. बोलू लागल्यावर तो गाणारच! पडद्यावर बरं दिसणारी आणि खरोखर गाता येणारी माणसं कंपन्यांना हवी झाली. दोन्ही गोष्टी एकत्र मिळणं तेव्हाही कठीणच होतं.

जनेटचा जन्म १९०३ सालचा, फिलाडेल्फिया शहरातला. तीन बहिणींत ती धाकटी. लहानपणापासून गाणं, नाच, जे मिळेल ते शिकत गेली. तिची बहीण ब्लॉसम न्यूयॉर्कला नाचगाण्याच्या कार्यक्रमांत काम करत होती. तिच्या मागोमाग १९२० च्या सुमारास जनेट तिथं गेली आणि मागच्या रांगेत नाचणाऱ्या मुलींमध्ये उभी राहिली. मागच्या रांगेतून पुढे यायला तिला काही वर्षं लागली. पुढे ती नायिका झाली तेव्हा तिचं जन्मसाल १९०७ म्हणून सांगितलं जाऊ लागलं. चार वर्षं अशीच वजा झाली. नायिकेचं वय वाढलेलं चालत नाही, हा नियम सिनेमाइतकाच जुना आहे, बायांनो.

अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकानं तिला हेरलं आणि ‘द लव्ह परेड’ या १९२९ च्या चित्रपटात मॉरिस शेव्हालिएसमोर उभं केलं. तो तिचा पहिलाच चित्रपट. त्यानंतर ‘मॉन्टे कार्लो’, ‘लव्ह मी टुनाइट’, ‘द मेरी विडो’ आले. या चित्रपटांतली जनेट खट्याळ आहे, टोमणे मारणारी आहे, विनोदाची वेळ बरोबर साधणारी आहे. ती नुसती गोड गळ्याची बाहुली होती असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चित्रपट जरूर बघावेत.

नेल्सनची कथा वेगळीच. त्याचा जन्म १९०१ चा, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावचा. आईवडील वेगळे झाले आणि तो आईबरोबर फिलाडेल्फियाला आला. म्हणजे दोघंही त्याच शहरात वाढली. शाळा अर्धवट सुटली. त्यानं एका कारखान्यात टेलिफोनच्या स्विचबोर्डवर काम केलं, मग वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. गाण्याच्या शिकवणीला पैसे नव्हते. मग हा मुलगा शिकला कसा? ग्रामोफोनवर. त्या वेळच्या मोठमोठ्या ऑपेरा गायकांच्या तबकड्या लावायच्या आणि त्यांच्याबरोबर गायचं. पुन्हा सुई मागे न्यायची, पुन्हा गायचं. एकलव्यानं द्रोणाचार्यांचा मातीचा पुतळा समोर ठेवून धनुर्विद्या साधली. नेल्सनचा द्रोणाचार्य काळ्या लाखेचा होता, एवढाच फरक. पुढे त्याला प्रत्यक्ष गुरूही मिळाले, तो फिलाडेल्फियाच्या ऑपेरात गाऊ लागला, गावोगावी मैफली करू लागला. पण पाया घातला तो तबकडीनं.

१९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये लोटे लेमान या थोर जर्मन गायिकेचा कार्यक्रम ठरला होता. तिला येता आलं नाही आणि आयत्या वेळी नेल्सनला उभं केलं गेलं. त्यानं ती मैफल अशी गाजवली की श्रोत्यांनी त्याला पुन्हा पुन्हा मंचावर बोलावलं. हॉलिवूडवाले ऐकायला बसलेले होतेच. मेट्रो-गोल्डविन-मेयरनं त्याच्याशी करार केला. करार झाला खरा, पण याला नेमकं कुठं वापरायचं हे कंपनीला कळेना. एखाद्या चित्रपटात यायचं, एक गाणं म्हणायचं आणि जायचं, असं दोन वर्षं चाललं. लोटे लेमानचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९३५ साली ‘नॉटी मॅरिएटा’ आला आणि जोडी जमली. ही व्हिक्टर हर्बर्टची १९१० ची ऑपेरेटा. चित्रपटातली कथा अशी की एका फ्रेंच राजकन्येला नको असलेलं लग्न टाळायचं असतं. ती दासीचा वेश घेऊन, अमेरिकेतल्या वसाहतीत लग्नासाठी पाठवल्या जाणाऱ्या गरीब मुलींच्या जहाजात चढते. वाटेत चाचे, सुटका करणारा कप्तान, प्रेम, सगळं ओघानं येतं. मूळ नाटकात एक फार सुंदर कल्पना आहे. मॅरिएटाला स्वप्नात एका सुरावटीचा तुकडा ऐकू आलेला असतो आणि ती ठरवते की हे गाणं जो पूर्ण करील तोच माझा जोडीदार. ‘आह! स्वीट मिस्टरी ऑफ लाइफ’ हे ते गाणं.

बघा हं, आपल्याकडे स्वयंवरात धनुष्य मोडायला सांगतात, मासा वेधायला सांगतात. इथं मुलगी म्हणते, माझी अर्धी राहिलेली ओळ पुरी करून दाखव. युगुलगीताचं सगळं मर्मच यात आलं. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि ऐकल्यावरच पुढचा सूर लावायचा. जो ऐकत नाही त्याला युगुलगीत गाता येत नाही, मग गळा कितीही चांगला असो.

‘नॉटी मॅरिएटा’ला उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ऑस्कर मिळालं. ही गोष्ट लहान वाटते, पण तशी नाही. जनेटचा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजांतला सर्वांत उंच. नेल्सनचा बॅरिटोन, म्हणजे पुरुषी, भरदार, मधल्या पट्टीतला. उंच आवाज मायक्रोफोनसमोर सहज चिरका होतो, भरदार आवाज घुमतो. दोन्ही एकत्र, पाठीमागे मोठा वाद्यवृंद, आणि तरी शब्द कळले पाहिजेत. पडद्यामागच्या तंत्रज्ञांनी हे साधलं म्हणून थिएटरात बसलेल्या माणसाला ते दोघं आपल्यासाठीच गाताहेत असं वाटलं.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ‘रोझ मेरी’ आला. जनेट त्यात ऑपेराची नामवंत गायिका आहे. तिचा भाऊ तुरुंगातून पळालाय आणि कॅनडाच्या जंगलात लपलाय. हा भाऊ झालाय जेम्स स्ट्युअर्ट, तेव्हा अगदी नवखा. भावाला शोधायला ती निघते आणि भावाला पकडायला निघालेला पोलीस असतो नेल्सन. वाटेत तिचे पैसे चोरीला जातात. पोटासाठी ती एका गुत्त्यात गायला उभी राहते, पण तिचं ऑपेराचं गाणं तिथल्या गिऱ्हाइकांना रुचत नाही. तिथली नेहमीची गाणारी येते, ठसक्यात गाते आणि बाजी मारून जाते. इतकी मोठी गायिका, पण स्वतःच्याच गाण्याची फजिती पडद्यावर करून दाखवायला ती कचरली नाही.

या चित्रपटातलं ‘इंडियन लव्ह कॉल’ हे गाणं जोडीचं ओळखचिन्ह बनलं. नाव ऐकून फसू नका, इथं ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. अमेरिका खंडाच्या मूळ रहिवाशांना गोरे लोक तसं म्हणत. डोंगराच्या एका कड्यावरून प्रियकरानं साद घालायची आणि दुसऱ्या कड्यावरून प्रेयसीनं प्रतिसाद द्यायचा, ही या गाण्यातली कल्पना. खरं सांगायचं तर ती त्या आदिवासींची परंपरा नव्हे. ती न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांनी रचलेली आहे, आणि चित्रपटातलं आदिवासींचं नृत्यही हॉलिवूडच्या कल्पनेतलं आहे. गाण्यावर प्रेम करताना हेही माहीत असावं. ज्यांचं नाव गाण्याला दिलं त्यांचा खरा आवाज त्यात नाही.

आता तबकडीकडे येऊ. सप्टेंबर १९३६ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी जनेट आणि नेल्सन यांनी ही दोन गाणी एकत्र गायली. एका बाजूला ‘इंडियन लव्ह कॉल’, दुसऱ्या बाजूला ‘आह! स्वीट मिस्टरी ऑफ लाइफ’.

त्या वेळचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय प्रकार होता ते जरा डोळ्यांसमोर आणा. चुंबकीय फीत अजून स्टुडिओत आली नव्हती. समोर मायक्रोफोन, मागे वाद्यवृंद, आणि आवाज थेट मेणाच्या फिरत्या चकतीवर कोरला जायचा. मध्ये कापायची सोय नाही, जोडायची सोय नाही. शेवटच्या ओळीत खोकला आला तर पहिल्यापासून पुन्हा. शिवाय तबकडीच्या एका बाजूला साडेतीन-चार मिनिटांच्या वर जागा नसायची. म्हणजे पडद्यावर ऐसपैस पसरलेलं गाणं त्या चौकटीत बसवायचं. आपल्याकडे बालगंधर्वांची पदं तबकड्यांवर आली तेव्हा त्यांनाही हेच करावं लागलं. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत रंगणारं पद तबकडीवर तेवढ्याच वेळात आटपायचं.

आणखी एक गोष्ट. हा मंदीचा काळ. १९२७ साली अमेरिकेत सुमारे दहा कोटी तबकड्या खपल्या होत्या. १९३२ पर्यंत तो आकडा साठ लाखांच्या आसपास घसरला. लोकांपुढे रोजच्या जेवणाचीच पंचाईत होती, तर तबकडी कोण घेणार? गाणं ऐकायला रेडिओ होता, तो फुकट होता. १९३६ मध्ये धंदा कुठं सावरू लागला होता. अशा वेळी घरखर्चातून पैसे बाजूला काढून एखादी बाई जेव्हा तबकडी विकत घेते, तेव्हा ती वस्तू तिला किती हवी असेल! चित्रपट आठवडाभर राहतो आणि जातो. तबकडी आपली असते. भांडी घासून झाली, मुलं झोपली, की लावता येते.

ही ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. ऐकाल तेव्हा एक करा. पहिल्यांदा फक्त जनेटचा सूर धरून ऐका. दुसऱ्यांदा फक्त नेल्सनचा. तिसऱ्यांदा दोन्ही. तिचा सूर वर जातो तेव्हा तो खाली राहून तिला आधार देतो, तो पुढे होतो तेव्हा ती बाजूला सरते. कुणी कुणाला झाकत नाही. चित्रपटात पोशाख होते, देखावे होते, चंद्र होता. तबकडीवर यांतलं काहीच नाही. दोन आवाज एकमेकांना जागा देतात, एवढंच आहे आणि तेवढं पुरतं.

१९३७ चा ‘मेटाइम’ हा त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट, असं पुष्कळांचं मत आहे. माझंही. एक म्हातारी बाई एका तरुण मुलीला आपली हकिगत सांगते. ती मुलगी गायिका होण्याचं स्वप्न आणि प्रेम यांच्या कात्रीत सापडलेली असते. म्हातारी एके काळी पॅरिस गाजवणारी गायिका होती. ज्या गुरूनं तिला घडवलं त्यानं लग्नाचं विचारलं आणि उपकाराच्या ओझ्याखाली ती हो म्हणाली. त्याच रात्री तिला तिचा खरा जोडीदार भेटला. दिलेला शब्द तिनं मोडला नाही. अनेक वर्षांनी दोघं एका ऑपेरात समोरासमोर गातात. जे आयुष्यात बोलता आलं नाही ते सगळं त्या गाण्यात उतरतं आणि नवऱ्याला ऐकूनच कळतं. शेवट रक्तरंजित होतो. नवऱ्याच्या भूमिकेत जॉन बॅरीमोर आहे आणि त्यानं कमाल केली आहे. उपकाराच्या बदल्यात बाईनं आपलं आयुष्य द्यायचं, ही रीत पॅरिसची असो की आपल्याकडची, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. म्हणून हा चित्रपट नुसता गोड नाही.

१९३८ मध्ये याच मेट्रो कंपनीनं मुंबईत धोबीतलावला स्वतःचं थिएटर उघडलं. तेच आपलं मेट्रो सिनेमा. कंपनीचे चित्रपट तिथं लागत. हॉलिवूडचं हे संगीत आपल्यापासून फार लांब नव्हतं, ट्रामच्या अंतरावर होतं.

आता एक चुटपुट लावणारी गोष्ट. जोडीचे चित्रपट एकामागून एक येत राहिले. ‘द गर्ल ऑफ द गोल्डन वेस्ट’, संपूर्ण रंगीत ‘स्वीटहार्ट्स’, ‘न्यू मून’, ‘बिटर स्वीट’, ‘आय मॅरिड अॅन एंजल’. पण तबकड्यांचं काय? नेल्सन व्हिक्टर सोडून कोलंबिया कंपनीकडे गेला. जनेट व्हिक्टरकडेच राहिली. दोन कंपन्या, दोन करार. त्यामुळे पडद्यावर हातात हात घालून गाणारी ही जोडी तबकडीवर वेगळी झाली. ती आपली गाणी इकडे एकटी गायची, तो तिकडे. कोलंबियानं पुढे ‘नॉटी मॅरिएटा’ आणि ‘रोझ मेरी’ची गाणी नेल्सनकडून पुन्हा गाऊन घेतली, पण दुसऱ्या गायिकांबरोबर. त्या गायिका गुणी होत्या, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात जो दुसरा आवाज वाजत होता तो तिथं नव्हता.

म्हणजे काय टिकणार आणि काय नाही, हे नेहमी गुणावर ठरत नाही. पुष्कळदा ते कुणाच्या तरी कागदावरच्या सहीवर ठरतं.

रेडिओवर बोलते आहे, तर रेडिओचाही एक किस्सा सांगायलाच हवा. नेल्सन ‘चेस अँड सॅनबॉर्न अवर’ या कार्यक्रमाचा गायक होता. बोलक्या बाहुलीचा खेळ करणारा एडगर बर्गन त्या कार्यक्रमाचा मुख्य आकर्षणबिंदू. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री दुसऱ्या केंद्रावर ऑर्सन वेल्सचं, मंगळावरून स्वारी आल्याचं ते प्रसिद्ध नभोनाट्य चालू होतं. सांगतात ते असं की बाहुलीचा खेळ संपून नेल्सन गाऊ लागला तेव्हा काही श्रोत्यांनी बटण फिरवलं, ते थेट वेल्सच्या नाटकाच्या मध्यात येऊन पडले, सुरुवात ऐकलेली नसल्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं आणि एकच घबराट उडाली. ही घबराट पुढे वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली, हेही आता सगळे मान्य करतात.

हा किस्सा आजवर असंख्य वेळा सांगितला गेला आहे. बटण फिरवणाऱ्यांबद्दल पुस्तकं लिहिली गेली. पण जरा विचार करा. त्या रात्री देशातले बहुसंख्य श्रोते नेल्सनच्याच कार्यक्रमावर होते, कारण तो सर्वांत लोकप्रिय होता. ते बसले, गाणं ऐकलं आणि झोपले. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आरडाओरडा झाला की इतिहासात नोंद होते. शांतपणे ऐकत बसलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार?

या जोडीच्या बाबतीत हेच झालं. चेष्टा करणारे मोठ्यानं बोलत होते. जनेटला ‘लोखंडी फुलपाखरू’ म्हणायचे, नेल्सनला त्याहून वाईट, ‘खच्ची केलेला गाणारा कोंबडा’. त्याच्या अभिनयाला लाकडी म्हणायचे, आणि तो अभिनयात कच्चा होताच, त्यात खोटं काही नाही. १९७४ च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ या विनोदी चित्रपटात तर ‘आह! स्वीट मिस्टरी ऑफ लाइफ’ हे गाणं केवळ हशा पिकवण्यासाठी वापरलंय. पण हशा पिकला तो ते गाणं सगळ्यांना पाठ होतं म्हणून!

१९४२ च्या ‘आय मॅरिड अॅन एंजल’नंतर पडद्यावरची जोडी संपली. युद्धाचा काळ होता. जनेटनं सैनिकांच्या कुटुंबांसाठी मदत गोळा करायला गावोगावी मैफली केल्या. कार्यक्रम संपला की श्रोत्यांना जे जास्तीचं गाणं हवं असेल त्याचा ती चक्क लिलाव पुकारायची. १९४३ साली माँट्रियलला ती पहिल्यांदा खऱ्या ऑपेरात, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये, उभी राहिली. वय चाळिशीला टेकलेलं आणि नाव जगभर झालेलं. अशी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि एका गुरूकडे गाणं शिकायला गेली. ती गुरू कोण? लोटे लेमान. जिच्या रिकाम्या जागी उभं राहिल्यामुळे नेल्सनचं नशीब उघडलं, तिच्याच समोर बसून जनेटनं तालीम घेतली.

नेल्सनही स्वस्थ बसला नव्हता. १९४६ च्या डिस्नेच्या ‘मेक माइन म्युझिक’मध्ये ऑपेरात गाण्याचं स्वप्न बघणाऱ्या एका देवमाशाची गोष्ट आहे. तिच्यातले सगळे आवाज, पुरुषांचे, बायकांचे, समूहाचेसुद्धा, एकट्या नेल्सनचे आहेत. एकावर एक मुद्रण चढवून ते केलं. ग्रामोफोनसमोर एकटा गात शिकलेला मुलगा शेवटी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात स्वतःचाच वृंद होऊन गायला.

आणि मग १९५९. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. आरसीए व्हिक्टरनं दोघांना पुन्हा एकत्र आणलेली तबकडी बाजारात आली, ‘फेव्हरिट्स इन हाय-फाय’. आता लाँग प्ले तबकडीचे दिवस होते, चार मिनिटांची सक्ती संपली होती. चित्रपटांचे निर्माते या वयाच्या नायिकेला दारात उभं करत नव्हते. पण तबकडीला सुरकुत्या दिसत नाहीत. आवाज पूर्वीइतके कोवळे राहिले नव्हते, थोडे गडद झाले होते. ऐकणारेही तेवढेच मोठे झाले होते. ती तबकडी एवढी खपली की तिला पुढे सुवर्ण तबकडीचा मान मिळाला. ती कुणी विकत घेतली? १९३६ मध्ये घरखर्चातून पैसे काढून पहिली तबकडी घेणाऱ्या मुली त्यांत कितीतरी असणार.

जनेट १४ जानेवारी १९६५ रोजी ह्यूस्टनच्या रुग्णालयात हृदयविकारानं गेली. तिच्या अंत्यविधीला तिचाच ध्वनिमुद्रित आवाज लावला होता. नेल्सन शेवटपर्यंत मंचावर गात राहिला. मार्च १९६७ मध्ये मायामी बीचच्या एका हॉटेलात कार्यक्रम चालू असतानाच त्याला झटका आला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. दोघांच्या खाजगी नात्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, वाद झाले. जनेटचं लग्न १९३७ साली जीन रेमंडशी झालं आणि त्या लग्नात नेल्सन गायला, एवढं नक्की. बाकीच्यात आपण कशाला शिरायचं? त्यांनी जे आपल्याला दिलं ते तबकडीवर आहे.

१९३७ मध्ये जनेटच्या चाहत्यांनी एक मंडळ काढलं होतं. ती गेल्यावरही ते मंडळ कित्येक वर्षं चालू राहिलं. दुर्मीळ मुद्रणं शोधणं, पत्रं लिहिणं, एकत्र जमून जुने चित्रपट बघणं, अंक छापणं, ही सगळी कामं या साध्या माणसांनी केली. त्यांना कुणी इतिहासकार म्हटलं नाही. पण आज ही गाणी आपल्यापर्यंत पोहोचली त्यात त्यांचा वाटा कंपनीइतकाच आहे.

म्हणून मैत्रिणींनो, जाता जाता एवढंच सांगते. एखादं गाणं आवडतं हे सांगायला लाजू नका, मग कुणी त्याला कितीही भाबडं म्हणो. आणि घरात कुणी गाणारं असेल, सासू असेल, आत्या असेल, मावशी असेल, तर तिचं गाणं मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. जमलं तर दोघींना एकत्र बसवून. एकीनं ओळ सुरू करायची, दुसरीनं ती पुरी करायची. अशा मुद्रणाला करार लागत नाही, सही लागत नाही. आज दुपारी चहा झाला की बसवा दोघींना.

नमस्कार.